यादीतलं नाव

"मामा, तुम्ही फक्त समोर उभे राहा. बोलायचं काम आमचं," गणिताचे सर म्हणाले आणि त्यांनी मामांच्या दंडाला काळी फीत बांधली.

शाळा सुरू होऊन दुसराच दिवस होता. दर सत्राच्या पहिल्या दिवशी कंत्राटी कर्मचाऱ्यांची यादी फळ्यावर लागते. यादीत नाव असलं की सत्रभर काम, नसलं की घरचा रस्ता. बावीस वर्षं घंटा देणाऱ्या शिपायाचं, म्हणजे मामांचं, नाव यंदा यादीत नव्हतं.

मामांनी आरडाओरडा केला नाही. किल्ल्यांचा जुडगा ऑफिसात ठेवला. कुठली किल्ली कुठल्या खोलीची, ते लिहून प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली होती. मग ते सरळ घरी गेले. त्या चिठ्ठ्या बघून शिक्षक संघटनेतल्या निम्म्या लोकांना गलबलून आलं.

"काढून टाकल्यावर असं कोण करतं हो?" चित्रकलेचे सर म्हणाले. "आपण वर्गातून निघताना पंखासुद्धा बंद करत नाही."

"आणि काल घंटाच झाली नाही," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. "इतिहासाचा तास दोन तास चालला. पोरं अर्धमेली झाली."

गणिताचे सर संघटनेचे सचिव होते. हाती घेतलेलं काम तडीला नेल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. "वहिनींचा फोन आला म्हणून बरं," ते म्हणाले. "नाहीतर तुम्ही तोंड शिवून घरी बसला असतात."

मामांनी मान वर केली. "तिनं तुम्हाला फोन केला?"

"अंथरुणातून केला. धाप लागत होती. म्हणाल्या, भाऊजी, माझ्या आजारपणानं हे आधीच खचलेत. त्यात कामही गेलं तर माणूस उभा राहायचा नाही. काहीतरी करा."

मामा म्हणाले, "सर, जरा बाजूला येता का? एक बोलायचं होतं."

"नंतर, मामा. आधी घोषणा."

शाळेच्या फाटकाबाहेर चाळीस शिक्षक उन्हात उभे राहिले. मामांना परत घेईपर्यंत एकही तास होणार नाही, असं सचिवांनी जाहीर केलं. टाळ्या सगळ्यात जास्त सातवीच्या वर्गातून आल्या. पालकांना पत्रकं वाटली गेली. त्यात 'घरी आजारी पत्नी' हे शब्द ठळक छापले होते. मामांनी पत्रक वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवलं.

वरच्या खिडकीत मुख्याध्यापिका येऊन उभ्या राहिल्या. त्या कितीतरी वेळ मामांकडेच बघत होत्या. मामांनी मान खाली घातली.

"बघतायत कशा!" चित्रकलेचे सर पुटपुटले. "काळीज आहे की खडूचा डबा?"

"त्यांना काही म्हणू नका, सर," मामा घाईनं म्हणाले. "हे सगळं थांबवा ना. माझ्यासाठी एवढं नको."

"ऐकलंत?" विज्ञानाच्या बाईंनी त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली. "या वेळीसुद्धा यांना दुसऱ्याचीच काळजी."



अकराला सचिव वाटाघाटींसाठी आत गेले. मामा बाहेरच्या बाकावर बसले. बायकोला बाराची गोळी द्यायची होती. सुट्टीभर ती त्यांनीच दिली होती. तिची खाट त्यांनी खिडकीशी ओढून घेतली होती आणि शेजारी आपली खुर्ची मांडली होती. काल काम गेल्याचं सांगितल्यावर ती म्हणाली होती, "हातपाय गाळून बसू नका. दिवसभर माझं तोंड बघत बसलात तर मला चालायचं नाही, सांगून ठेवते."

बारा वाजले. साडेबारा झाले. मामा दोनदा उठले, पण लोकांनी त्यांना धीर देऊन परत बसवलं.

एक वाजता सचिव हात उंचावत बाहेर आले. "जिंकलो! मामांचं नाव यादीत आलं. सत्र संपेपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही, तसं लेखीच घेतलंय. संस्थेनं फोनवरून एकच अट घातली, सत्रभर एकही रजा नाही. मी म्हटलं, आमचे मामा रजा घेतात कधी? तुमच्या वतीनं सही ठोकली."

"सत्र कधी संपतं, सर?"

"बावीस वर्षं घंटा देताय आणि मला विचारता? अजून पाच महिने!" सगळे हसले.

सचिवांनी तिथूनच मामांच्या घरी फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून आधी नुसती धाप ऐकू आली, मग हसू. "अहो, ऐकताय ना? उद्यापासून वेळेवर जायचं. माझी काळजी करायची नाही. शेजारच्या काकू आहेत."

"हो," मामा म्हणाले.

कुणीतरी त्यांच्या गळ्यात हार घातला. कुणीतरी पाठ थोपटली. तेवढ्यात मुख्याध्यापिकांचा निरोप आला, मामांना एकट्यालाच आत पाठवा.

"भिऊ नका," सचिव म्हणाले. "आता त्या काही करू शकत नाहीत."

मामा आत गेले. बाईंनी दार लावून घेतलं.

"दोन तास सगळ्यांची बोलणी खाल्ली," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण तुम्हाला दिलेला शब्द मोडला नाही. आता याचं काय करू, तुम्हीच सांगा."

त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. तो सुट्टीतला अर्ज होता, मामांच्याच हातचा : 'डॉक्टरांनी दोन महिने सांगितले आहेत. तेवढे मला तिच्याजवळ बसून काढायचे आहेत. तरी यंदा माझं नाव यादीत घालू नये. मी आपणहून काम सोडलं, हे मात्र तिला कळू देऊ नये. कळलं तर ती मला घरी थांबू द्यायची नाही.'