खापरी नळ

अर्धी घागर नळाच्या तोंडात ओतून प्रभावती खालच्या टोकाकडे धावली. मधे उपसलेल्या मातीचा ढीग होता. त्याला वळसा घालून ती पोचली, तेव्हा दगडी कुंडीतली माती ओली दिसली. पण ती सकाळपासूनच ओली होती. ब्रश फिरवण्याआधी तिनंच तिथे पाणी शिंपलं होतं. आता ओतलेलं पाणी नळातून आलं की वाटेतच मुरलं, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं.

रविवार होता. भोसरीच्या माळावर कारखान्याच्या नव्या शेडसाठी खणलेले चर उन्हात उघडे पडले होते. त्यातल्याच एका चरात भाजलेल्या मातीचे नळ सापडले होते. एकाच्या तोंडात दुसरा बसवलेला, सांधे चुन्यानं बंद केलेले. दोन हजार वर्षांपूर्वीचे. पुरातत्त्व खात्यानं प्रभावतीला पाठवलं, आणि तेव्हापासून ती पुण्याहून बसनं येऊन दिवसभर एकटीच माती काढत होती. आज तिनं सगळ्यांना बघायला बोलावलं होतं. पाहुण्यांसाठी सतरंजीही आणली होती.

खात्यातल्या साहेबांनी कळवलं, "एका नळासाठी एवढ्या उन्हात कोण येणार? फोटो काढून ठेवा." गावात टँकर आला होता, गाव रांगेत उभं होतं. आले ते एकटे यशवंतराव, शेड बांधून घेणारे कंपनीचे इंजिनिअर. त्यांनी चरात उतरून सांधा बोटानं चाचपला.

"सुबक आहे हो. पण वाहतो का?"

"वाहायला हवा. उतार बरोबर आहे."

"टेस्ट केल्याशिवाय आम्ही लाइन पास करत नाही, प्रभावतीबाई." ते हसले. मग जरा ओशाळून म्हणाले, "उद्या सकाळी काँक्रीट सुरू होईल. मी शनिवारचं उद्यावर ढकललं, त्यापुढे माझ्या हातात नाही." घरी पाहुणे होते, म्हणून ते बसले नाहीत.

ते गेल्यावर तिनं एकटीनंच ओतून पाहिलं होतं, आणि घागरीत आता अर्धंच पाणी उरलं होतं.

"काय हरवलंय का, बाई?"

मातीच्या ढिगाआडून एक म्हातारी आली. डोक्यावर सेंट्रिंगच्या फळ्यांच्या ढलप्या, काखेत जर्मनचा डबा. माळापलीकडच्या बौद्ध वस्तीतली गोजाबाई. सुट्टीच्या दिवशी ती इथे सरपण वेचायला यायची.

"मावशी, जरा इथे बसाल? या नळाकडे बघत राहा. मी वरून पाणी ओतते. आलं की हाक मारा."

"पानी? आमच्या वस्तीला टँकर परवा यायचाय, आन तुमी मातीत पानी घालताय?"

प्रभावतीनं घागर जवळ ओढली. "माझ्या पिण्याचं आहे," ती म्हणाली.

गोजाबाईनं तिच्याकडे पाहिलं, सतरंजीकडे पाहिलं. मग ढलप्या उतरवल्या, डबा रिकामा केला आणि नळाच्या तोंडाखाली धरला. "मातीत कशापायी? ह्यात धरते. जा, वता."

प्रभावतीनं वर जाऊन उरलेलं पाणी बेतानं ओतलं. घागर उपडी झाली. खालून काही आवाज नाही. तिनं नळाला कान लावला. आत कुठेतरी सरसर झाल्यासारखं वाटलं, पण तो भासही असेल. ती गुडघ्यांवर तशीच बसून राहिली.

"आलं!" खालून हाक आली. "आलं गं बाई! ये, बघ!"

प्रभावतीला उठवेना. इतक्या दिवसांत या माळावर तिला कोणी 'ये' म्हटलं नव्हतं.

ती खाली आली तेव्हा डब्यात तांबूस गढूळ पाणी होतं, आणि गोजाबाई तो दोन्ही हातांत धरून बसली होती.

"कोन प्यायचं हे?"

"जुन्नरकडे जाणारे व्यापारी, बैलवाले. भिक्खूसुद्धा असतील."

"भिक्खू?" गोजाबाई नळाकडे बघत राहिली. "म्हंजी हितं समद्यांस्नी पानी मिळायचं?"

प्रभावतीला 'हो' म्हणावंसं फार वाटलं.

"ते नळावरून कळत नाही, मावशी."

गोजाबाईनं मान हलवली. डब्यावर पदर टाकला, ढलप्या डोक्यावर घेतल्या आणि ती पाणी न सांडता हळूहळू वस्तीकडे गेली.

सोमवारी प्रभावतीनं यशवंतरावांना फाटकातच गाठलं. "पाणी वाहतं."

"खरंच?" त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे उतार अजून टिकलाय! काय कारागीर असेल हो तो!" ते मनापासून बोलत होते. आदल्या संध्याकाळी तिनं दोन नळ सोडवून घेतले होते, ते त्यांनी स्वतः उचलून पुण्याला निघालेल्या खात्याच्या जीपमध्ये ठेवले. मग चराकडे गेले आणि मुकादमाला हात केला.

दुपारपर्यंत चर भरत आला. प्रभावती सतरंजी गुंडाळत होती, तेव्हा माळावरून बायका येताना दिसल्या. सगळ्यांच्या अंगावर विहारात जाताना नेसतात तशी धुतलेली पांढरी लुगडी. पुढे गोजाबाई.

"ह्या आमच्या वस्तीतल्या. म्या सांगितलं यांस्नी. दावा की नळ."

प्रभावतीनं ओल्या, करड्या काँक्रीटकडे बोट केलं. "याच्या खाली."

मग एकीनं चपला काढल्या. तिचं बघून बाकीच्यांनीही काढल्या. तापल्या मातीवर अनवाणी, चराच्या कडेनं त्या ओळीनं उभ्या राहिल्या आणि प्रभावतीकडे बघू लागल्या.

तिनं घसा साफ केला. पाणी कुठून यायचं, सांधे कसे बसवले होते, उतार कसा साधला होता, ती सांगत गेली. शेजारी मिक्सर धडधडत होता. तिचं एकही वाक्य त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. बायका तिच्या तोंडाकडे बघत माना डोलवत होत्या.