मुद्दाम चुकवलेली उत्तरं

वर्गासाठी नवं सॉफ्टवेअर घ्यायचं की नाही, हे विज्ञानाच्या बाई ठरवायच्या, आणि असल्या चकचकीत खेळण्यांचा बाईंना मनस्वी तिटकारा. त्यांची एक खोड होती: आधी सगळी उत्तरं मुद्दाम चुकवायची. चुकलेल्या मुलाशी ते कसं बोलतं, हे कळायला नको?

भरदुपारी रिकाम्या वर्गात त्यांनी समुद्राचा धडा सुरू केला. पडद्यावर टॉर्च घेतलेला पाणबुड्या आला. देवमासा अंडी घालतो, असं बाईंनी ठोकून दिलं.

"चूक. आणखी खाली," आवाज म्हणाला. पाणबुड्या खाली गेला.

"जा मेल्या," म्हणत बाईंनी पुढचीही उत्तरं चुकवली. पडदा काळवंडत गेला. बाईंच्या कानांना दडे बसले. वैतागून त्यांनी स्पीकरची वायर उपटली.

"चूक. आणखी खाली."

आता मात्र बाईंनी घाईघाईने बरोबर उत्तर दाबलं.

"मुद्दाम चुकत होता ना, बाई?" आवाज म्हणाला. "आणखी खाली."

पडद्यावर पाणबुड्या नव्हता. बाई दाराकडे धावल्या. बाहेरून कुणी रेटून धरावं तसं दार घट्ट बसलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीबाहेर मिट्ट काळोख होता. त्या काळोखातून टॉर्चचा उजेड बाईंच्या तोंडावर पडला, आणि काचेवर पहिला ठोका बसला.