बाईंचं काय तपासायचं?

सतराव्यांदा तेच झालं. पान बदललं, तरी कॅमेऱ्याशेजारचा हिरवा दिवा विझला नाही. चिकटने खुर्ची मागे सरकवली आणि घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते. चार वाजता बाईंचा सत्कार होता.

चिकट हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की सोडत नाही, म्हणून ऑफिसने ते पाडलेलं. तिलाही ते आतून आवडायचं. हे ऑफिस ब्राउझर बनवायचं, म्हणजे ज्यातून लोक इंटरनेट बघतात तो प्रोग्राम. त्यातला परवानग्यांचा भाग ऑफिसमधल्या सगळ्यात अनुभवी अशा बाईंचा. कुठल्या वेबसाइटला कॅमेरा द्यायचा, कुठल्या वेबसाइटला माइक, आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचं, हे बाईंनी लिहिलेला कोड ठरवायचा. त्याला आज पाच वर्षं पूर्ण होत होती. पाच वर्षांत एकही खोट निघाली नव्हती, आणि सत्कार त्याचाच होता.

खोट सापडली ती चिकटच्या वडिलांमुळे. त्यांना कशावरही दोनदा क्लिक करायची खोड. रविवारी डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलून झालं आणि त्यांनी तिथल्याच एका जाहिरातीवर टकटक केलं. चष्म्याच्या दुकानाचं पान उघडलं, कॅमेरा मात्र चालूच राहिला. डॉक्टरांना दिलेली परवानगी चष्मेवाल्याला आयती मिळाली होती. वडिलांनी हिरवा दिवा पाहिला, हा आता मला बघतोय का म्हणून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता केस नीट केले.

चिकट हसली खरी, पण तेव्हापासून तिला चैन नव्हतं. तीन दिवस खणल्यावर कारण हाती लागलं. भराभर दोनदा क्लिक केलं की जुनं पान पुरतं जायच्या आत नवं येऊन बसतं, आणि जुन्याची परवानगी त्याला चिकटते. एक पाहुणा उठायच्या आत दुसऱ्याने त्याच्या खुर्चीत बसावं आणि घरच्यांनी मुकाट्याने त्यालाच ताट वाढावं, तसं. कोडमधली ही खोट असलेली ओळ कोणी लिहिली आहे हे तिने शोधलं. बाईंचं नाव दिसताच तिने घाईघाईने स्क्रीनवरची ती खिडकी बंद केली.

इथे प्रत्येकाचा कोड दुसऱ्या कोणीतरी वाचायचा, खाली ‘पाहिले’ असं लिहून सही करायची, हा नियम होता. एरवी त्यावरून रोज डोकी फुटायची. एकेका ओळीसाठी लोक दोन दोन दिवस अबोला धरायचे. पण बाईंचं काय तपासायचं? अर्ध्या ऑफिसला त्यांनी हाताला धरून शिकवलेलं. त्यांचं काम आलं की सही करायला चढाओढ लागायची. बाईंच्या कामाखाली आपलं नाव म्हणजे केवढा मान.

चिकट तर त्यांचीच तयार केलेली. आज सांगितलं तर भरल्या हॉलमध्ये त्यांची शोभा होणार, आणि ती करणारी हीच. बाईंच्या मनातून उतरायची तिला भीती वाटत होती, अगदी खरीखुरी भीती. उद्या सांगितलं तर काय बिघडेल, असंही तिने स्वतःला विचारून पाहिलं. पण हा ब्राउझर लाखो घरांत होता, आणि दोनदा क्लिक करणारे काही तिचे वडील एकटेच नव्हते. तिने लॅपटॉप उचलला.

बाई आपल्या टेबलाशी संत्रं सोलत बसल्या होत्या. चिकटने उभ्या उभ्या, एका दमात सगळं सांगून टाकलं. बाईंनी हात पुसले आणि दोनदा क्लिक केलं. दिवा जळत राहिला. त्यांनी चार वेळा करून पाहिलं. मग त्या हसल्या, पोटभर हसल्या. फोन उचलून त्यांनी साहेबांना खोट कळवली, शोधणारीचं नाव दोनदा सांगितलं, सत्कार रद्द करायला लावला आणि जेवण मात्र अजिबात रद्द करू नका म्हणून बजावलं.

चिकटच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाई, आजच्या दिवशी तुमची चूक काढली. वाईट वाटलं का?”

बाईंनी त्याच कोडच्या पाच वर्षांपूर्वीच्या तपासणीची नोंद शोधून काढली आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. वर बाईंच्या शब्दांत लिहिलं होतं: ‘पान बदलताना जुनी परवानगी मागे राहत असेल का? मला खात्री नाही. तपासणाऱ्याने हे नीट पाहावे.’ त्याखाली, बरोबर चार मिनिटांनंतरची, चिकटची सही होती. ‘पाहिले. उत्तम.’

बाईंनी शेजारची खुर्ची ओढली, तिला बसवलं आणि अर्धं संत्रं तिच्या हातात दिलं.

“मला शंका होती गं,” त्या म्हणाल्या. “पण खाली तुझी सही बघितली, आणि पाच वर्षं निर्धास्त राहिले.”