फादरांचा मळ

"अजून घासा," इनास तुस्कानो म्हणाले. "खाली गोरा माणूस आहे."

ते चर्चच्या समितीचे अध्यक्ष. जुनी चित्रं साफ करणं हे माझं काम, म्हणून त्यांनी मला वसईला बोलावलेलं. अठराव्या शतकातल्या एका फादरांचं तैलचित्र मेणबत्त्यांचा धूर खाऊन खाऊन काळंठिक्कर पडलं होतं. आत पोर्तुगीज साहेब सापडणार याची तुस्कानोंना इतकी खात्री, की चित्राच्या अनावरण सोहळ्याच्या पत्रिकेवर 'लिस्बनचे थोर फादर' असं छापूनही झालं होतं. शिवाय आपल्या घराण्यातही पोर्तुगीज रक्त आहे, हे ते मला रोज चहाबरोबर ऐकवायचे.

तीन आठवडे मी कापसाच्या बोळ्यांनी धूर पुसला. कॉलर दुधासारखी पांढरी निघाली. हातातलं पुस्तक लाल निघालं. मागच्या खिडकीतलं निळं आभाळसुद्धा निघालं. चेहरा मात्र सावळाच राहिला, रुंद नाकाचा, केळीच्या वाडीत दिवसभर राबणाऱ्या इथल्या कुठल्याही माणसासारखा.

"मळ आहे तो!" तुस्कानो चिडले.

"मळ संपला. हा रंग चित्रकारानेच दिलाय."

"मग थोडा उजळ करून द्या. लोक काय म्हणतील?"

ते चित्राला अगदी खेटून उभे होते. तेच नाक, तोच रंग. मी एक बोळा भिजवला आणि त्यांच्या हातात ठेवला.

"हा घ्या. आधी स्वतःच्या गालावर घासा. आतून पोर्तुगीज निघाला, तर फादरांनाही गोरं करते."