कुणी राहिलं का?

हॉटेलवाल्याने हात वर केले. दिवाळखोरीचा अर्ज दिला आणि तो ज्यांचं देणं लागतो त्यांची यादी कोर्टाच्या फलकावर लागली. बँक होती, बर्फवाला होता, त्याचा सख्खा मेहुणाही होता. त्याच्या साठ वेताच्या खुर्च्या विणून देणारा मी मात्र कुठेच नव्हतो. तीनदा बोट फिरवून पाहिलं.

"तरी मी सांगत होते, लेखी घ्या," बायको फोनवर कडाडली.

बसची वाट बघण्याइतकाही धीर नव्हता. तरातरा चालत त्याचं घर गाठलं आणि दारातूनच सुनावलं, "वीस वर्षांची दोस्ती, आणि बर्फवाल्याएवढीही किंमत नाही होय रे माझी?"

त्याने आधी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"आज सकाळीच निकाल लागला. यादीतल्या सगळ्यांचं देणं कोर्टाने माफ केलं. ज्याचं नाव यादीत नाही, त्याचं मात्र फेडावंच लागतं. म्हणून तर यादी करताना वकील पुन्हा पुन्हा विचारत होता, 'आठवून बघा, कुणी राहिलं का?'"



माझ्या हातातला ग्लास परत घेत तो म्हणाला, "मी म्हटलं, कुणी नाही."