कळलावीचे कंद

बायानं काठीनं उकिरड्याची माती पुन्हा एकदा उकरून पाहिली. एकही कंद नव्हता. ज्येष्ठ लागला होता. आता भाभीला काय सांगायचं?

चार वर्षांपूर्वी भुशीच्या डोंगरातून कळलावीचे कंद या घरी पहिल्यांदा आणले ते तिनंच. लोणावळ्यातल्या लाकडाच्या वखारवाल्या चाँदभाईंच्या बायकोला, मुमताजभाभीला, या फुलांचं भारी वेड. घरच्या बागेत कळलावी जगत नाही, असं सगळे सांगायचे. हिच्याकडे मात्र श्रावणात वेल केशरी फुलांनी लगडायचा. दिवाळीला वाळला, की मुमताज म्हणायची, "मेला गं बाई!" आणि मागच्या फणसाखाली, उकिरड्याच्या कडेला, कुंडी पालथी करायची.

काय या गावातल्या बायका! वेल वाळला तरी कंद मातीत जिवंत असतो, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल.

पण त्याच साली बायाचे गुडघे गेले आणि डोंगर सुटला. मग ती घरामागून हळूच यायची, तेच कंद फडक्यात बांधून न्यायची आणि ज्येष्ठात पुढच्या दारी नवे म्हणून आणायची. नशीब, जागा कोरडी असायची आणि मातीवर गोणपाटही पडलेलं असायचं.

बदल्यात पायलीभर तांदूळ मिळायचे. एकदा मुमताजनं नुसतेच तांदूळ पुढं केले होते, तर बाया रागानं उठून गेली होती. फुकटचं तिला कधीच गोड लागलं नाही. आता या खोटेपणाची तिला फार लाज वाटायची. पण लढाईच्या महागाईत तिचा आषाढ त्या तांदळावरच निघायचा.

गेल्या दिवाळीत मात्र हिवतापानं तिला अंथरुणातून उठूच दिलं नाही.

शेवटी ती रिकाम्या हातानं पुढच्या दारी गेली.

"भाभी, औंदा कंद न्हाईत. आन् आदीचे बी डोंगरातले नव्हते. तुमच्याच उकिरड्यावरचे व्हते. लय खोटं बोलले मी."

मुमताज वळून आत गेली. संपलं, हे दार आता बंद झालं, असं बायाला वाटलं.

मुमताज राखेनं भरलेलं मडकं घेऊन बाहेर आली. त्यातले कंद एकेक करून तिनं बायाच्या ओच्यात टाकले.

"दिवाळीत तुम्ही आला नाहीत मावशी, म्हणून यंदा मीच उचलून ठेवले," ती म्हणाली. "आता फाटकापर्यंत जा आणि नेहमीसारखे घेऊन या. तोवर मी तांदूळ काढते."