नक्षी शाबूत

दहा वर्षांत सुधीररावांच्या गाडीला ओरखडा नव्हता. डोंबिवलीच्या गर्दीत कुणी घासेल म्हणून ती कव्हराखालीच असायची. पावसाळ्याआधी टायर दाखवायला ते पत्नी उत्तराबाईंसोबत माजिवड्याला गेले.

"नक्षी बघा, नवीकोरी!" त्यांनी ऐटीत सांगितलं.

टायरवाल्याने टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. "काका, ही बनल्याची तारीख. दोन हजार सोळा, विसावा आठवडा. उभ्या उभ्या रबर कडक झालंय, पावसात घसरेल. न झिजताच बाद झाले हे."

नवे टायर घालून दोघं घरी परतली. उत्तराबाईंनी शोकेसमधले, पाहुण्यांसाठी जपलेले सोनेरी काठाचे कप काढले आणि चहा ओतला.

सुधीरराव दचकले. "कोण येणारे?"

"आलोय की आपण!"